लॉगिन न करताही वेबसाइटला कळतं का, कोण आलंय ते?

कोरीपाटी (धागाकर्ता)

मंडळी, एक शंका आहे. 'इंटरनेटवर खासगी असं काही नसतंच' एवढ्यावर बोळवण करू नका, ही विनंती.

केस गळण्यावरच्या उपचारांची माहिती देणारी एक साइट बघत होतो (हसून घ्या). खातं काढलं नाही, लॉगिन नाही. इन्कॉग्निटो खिडकी होती, व्हीपीएनही (जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) चालू होतं. दुसऱ्या दिवशी त्याच साइटकडून मेल: 'तुमची चौकशी अपुरी राहिली आहे, पूर्ण करायची का?' तोही माझ्या रोजच्या पत्त्यावर.

तर प्रश्न असे. आपण साइट उघडतो तेव्हा पलीकडच्याला नेमकं काय दिसतं? आयपीवरून (म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) नाव-पत्ता निघतो का? आणि मला गाठलं कसं?

टिवल्याबावल्या

गळालेल्या केसांवरून माग काढला असेल.

पळा...

सर्व्हरवाला

एक लहानशी साइट सांभाळतो, त्यामुळे पलीकडून काय दिसतं ते सांगू शकतो.

सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) प्रत्येक मागणीमागे एक ओळ पडते. आयपी पत्ता, वेळ, कोणतं पान मागितलं, कुठल्या पानावरून आलात (ब्राउझरने सांगितलं तर), आणि ब्राउझर स्वतःबद्दल जे सांगतो ते: क्रोम की फायरफॉक्स, आवृत्ती कोणती, विंडोज की अँड्रॉइड. संपलं. यात नाव नाही, मेल नाही, फोन नंबर नाही.

आयपीवरून इंटरनेट पुरवणारी कंपनी कळते आणि अंदाजे शहर कळतं. शहराचा अंदाज पुष्कळदा साफ चुकतो. आयपीव्ही४ चे (आयपीच्या जुन्या पद्धतीचे) पत्ते मुळात सुमारे ४३० कोटी, ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. अमुक वेळी त्या पत्त्यावर नेमका कोणता ग्राहक होता हे फक्त त्या कंपनीच्या दप्तरात असतं, आणि ते माझ्यासारख्या साइटवाल्याला मागून मिळत नाही. त्याला पोलीस किंवा कोर्टाचा कागद लागतो. भांडणात 'तुझा आयपी काढून घरी येतो' म्हणणाऱ्यांना म्हणूनच फार मनावर घेऊ नये.

पण हे झालं नुसत्या लॉगचं. पानासोबत आलेली जावास्क्रिप्ट (पानातला छोटा प्रोग्रॅम) तुमच्या ब्राउझरमध्ये चालते, आणि तिला लॉगपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. कोरीपाटी, एक विचारतो. चौकशीचा फॉर्म उघडला होता का? त्यात काही टाइप केलं होतं?

खारूताई

मला उलट दिशेची शंका आहे. मेल कधी आला नाही, पण एका साइटवर बघितलेली वस्तू पुढचा आठवडाभर बातम्यांच्या साइटवर, हवामानाच्या साइटवर, सगळीकडे दिसत राहते. या साइट एकमेकींशी बोलतात का?

तिसरा_डोळा

जाहिरातींच्या धंद्यात काही काळ काम केलंय, म्हणून लिहितो. कंपनीचं नाव विचारू नका.

आधी एक फोड करून घ्या, नाहीतर धागा गोल गोल फिरेल. 'आलेला माणूस मागच्या वेळचाच आहे' हे कळणं एक, आणि 'तो अमका तमका आहे' हे कळणं दुसरं. पहिलं सोपं आहे आणि जवळपास प्रत्येक व्यावसायिक साइट ते करते. दुसरं साइटला सहसा स्वतःहून जमत नाही. ते तुम्ही तरी सांगता, किंवा तुम्ही पूर्वी कधीतरी ज्याला सांगितलंत असा तिसरा कुणी सांगतो. गोम अशी की हे दुसरं एकदाच घडलं तरी पुरतं. नाव एकदा चिकटलं की त्या क्रमांकाखाली आधीपासून साठलेला इतिहासही त्या नावाचा होऊन जातो.

खारूताई, साइट एकमेकींशी बोलत नाहीत, पण त्या सगळ्यांच्या पानांत एकच पाहुणा बसलेला असतो. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी कुकी आणली ती एका साध्या अडचणीवर उपाय म्हणून. एचटीटीपीला (पानं मागायच्या-पाठवायच्या पद्धतीला) स्मरणशक्ती नाही. दुसरं पान मागितलंत की सर्व्हरच्या लेखी तुम्ही पुन्हा अनोळखी. मग सर्व्हरने एक क्रमांक द्यायचा आणि ब्राउझरने तो दर वेळी परत दाखवायचा. दवाखान्यातल्या टोकनसारखं: टोकनवर नाव नसतं, पण त्या क्रमांकाला काय होतंय ते आत नोंदलेलं असतं. इथवर काहीच वावगं नाही. पुढे बातम्यांच्या पानात जाहिरात कंपनीचा तुकडा आला, हवामानाच्या पानातही त्याच कंपनीचा तुकडा आला, आणि दोन्हीकडे तुमचा ब्राउझर त्या कंपनीला तिचाच क्रमांक दाखवू लागला. याला थर्ड-पार्टी कुकी म्हणतात.

खारूताई

पण या कुकी बंद झाल्या असं मध्यंतरी वाचलं होतं.

तिसरा_डोळा

सफारीने मार्च २०२० पासून पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक साइटसाठी कुकीचा वेगळा डबा केला, त्यामुळे इकडचा क्रमांक तिकडे दिसत नाही. क्रोमचं मात्र बघा: जानेवारी २०२० मध्ये गूगलने जाहीर केलं की दोन वर्षांत काढून टाकू, मग मुदती वाढत गेल्या, जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. ज्या कंपनीची कमाई जाहिरातींवर चालते तिने ब्राउझरही बनवायचा म्हटल्यावर वेगळं काय होणार होतं?

शून्यलब्धी

कुकी पुसता तरी येते. खरी पंचाईत फिंगरप्रिंटची (ब्राउझरच्या बारीकसारीक खुणांवरून तो ओळखण्याची) आहे, त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लांबेल.

ब्राउझर स्क्रिप्टला अनेक निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टी सांगतो: पडद्याचा आकार, वेळेचा पट्टा, भाषांचा क्रम, कोणते फाँट आहेत, प्रोसेसरचे कोअर किती, ग्राफिक्स कार्ड कोणतं. यातली एकेक गोष्ट लाखो लोकांत सारखी असते. सगळ्या एकत्र जुळणारे लोक मात्र झपाट्याने कमी होत जातात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या पीटर एकर्सली यांनी २०१० मध्ये सुमारे ४.७ लाख ब्राउझर तपासले. ८३.६ टक्के एकमेव निघाले, म्हणजे त्या ढिगात त्यांच्यासारखा दुसरा नव्हता. फ्लॅश किंवा जावा (ब्राउझरला जोडायची जुनी सॉफ्टवेअर) असलेल्यांत हेच प्रमाण ९४.२ टक्के.

वर कॅनव्हास, म्हणजे ब्राउझरची चित्र काढायची सोय. स्क्रिप्ट न दिसणारं एक चित्र काढायला लावते, त्यावर काही अक्षरं लिहिते आणि तयार झालेले पिक्सेल वाचते. ग्राफिक्स कार्ड, त्याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर, फाँट गुळगुळीत करायची पद्धत यांमुळे तेच चित्र वेगवेगळ्या मशीनवर किंचित वेगळं उमटतं. २०१४ च्या एका पाहणीत आघाडीच्या १ लाख साइटपैकी ५ टक्क्यांहून अधिक साइटवर हा प्रकार सापडला, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी तो एकाच कंपनीच्या 'शेअर करा' बटणातून आलेला होता. साइटवाल्यांपैकी अनेकांना आपल्या पानात हे चाललंय याचा पत्ताच नसावा.

बॅटरीचीसुद्धा गोष्ट आहे. साइटना बॅटरी किती उरली ते विचारता यावं अशी सोय होती. हेतू असा की कमी असेल तर पान हलकं दाखवावं. २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की उरलेले टक्के आणि संपायला लागणारे सेकंद एकत्र केले की थोड्या वेळापुरती ओळखखूण तयार होते, इन्कॉग्निटोत गेलात तरी. फायरफॉक्सने २०१७ मध्ये साइटना ही माहिती देणंच बंद केलं.

टिवल्याबावल्या

म्हणजे चार्जर लावून बसलो की मी निनावी. ठरलं.

सर्व्हरवाला

शून्यलब्धी, आकडे बरोबर आहेत पण अर्धेच आहेत. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी एका गर्दीच्या साइटवर २० लाखांहून अधिक फिंगरप्रिंट घेतले. तिथे एकमेव निघाले ३३.६ टक्के, आणि मोबाइलवर तर १८.५ टक्केच. २०१० च्या चाचणीला मुद्दाम गेलेले लोक मुळात हौशी, चित्रविचित्र सेटिंगवाले. शिवाय आता फ्लॅश नाही, जावा नाही. एकाच मॉडेलचे, एकाच आवृत्तीचे लाखो फोन एकमेकांत मिसळून जातात.

शून्यलब्धी

३३ टक्के म्हणजे तीनात एक. मला हा आकडा दिलासा देणारा वाटत नाही. आणि उरलेले दोन गर्दीत मिसळले म्हणता, ती गर्दी किती जणांची? पाचजणांत मिसळलो आणि आयपी जोडला की झालं की काम.

सर्व्हरवाला

आयपी जोडला तर, हे मान्य. पण फिंगरप्रिंट टिकत नाही. ब्राउझर अद्ययावत झाला, बाहेरचा मॉनिटर जोडला, फाँट टाकला, की तो बदलतो. त्यावर सहा महिन्यांचा माग ठेवायचा तर कसरत करावी लागते. बँका आणि तिकीटवाले फसवणूक पकडायला वापरतात ते ठीक, तिथे त्या क्षणापुरतं पाहायचं असतं.

शून्यलब्धी

बदल हळूहळू होतात आणि जुन्याशी नवा जोडणारे प्रोग्रॅम आहेत. एकर्सली यांनी त्याच लेखात साध्या नियमांवर असा एक करून दाखवला होता. असो, आपण दोघं इथे एकमत होणार नाही.

रोखठोक

एवढा काथ्याकूट कशाला? मी चोरी करत नाही, दरोडे घालत नाही. बघू दे की काय बघायचं ते. उलट कामाच्या जाहिराती दिसतात. आणि नाव कुठे कळतंय त्यांना? नुसता क्रमांक आहे असं वर तिसरा डोळाच म्हणाले.

तिसरा_डोळा

रोखठोक, 'नुसता क्रमांक' हे प्रकरण जगाने एकदा करून पाहिलंय. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने अभ्यासकांसाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले २ कोटी शोध जाहीर केले. नावं काढून क्रमांक घातले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी काही दिवसांत त्यातल्या एका क्रमांकामागची बाई शोधून काढली, तिच्या दाराशी गेले. कुठलंही हॅकिंग नाही. तिने आपल्या आडनावाचे लोक शोधले होते, आपल्या गावातल्या गोष्टी शोधल्या होत्या, एवढ्यावरून. एओएलच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्याला जावं लागलं.

चोरी-दरोड्याचं म्हणाल, तर त्या यादीत लोकांनी शोधलेली आजारपणं होती, नवऱ्या-बायकोची भांडणं होती. माणूस सज्जन असला तरी त्याचे शोध चारचौघांत वाचण्यासारखे नसतात.

रोखठोक

२००६ ची गोष्ट आहे ती. आणि सज्जन माणसाने... जाऊ दे. वाचतोय.

कोरीपाटी

परत आलो. सर्व्हरवाला, हो, फॉर्म उघडला होता. पण पाठवला नाही! मेलच्या रकान्यात पहिलं अक्षर टाकल्यावर ब्राउझरने पूर्ण पत्ता सुचवला, तो घेतला. खाली फोन नंबर सक्तीचा दिसला म्हणून टॅब बंद केला. 'पाठवा' बटणाला हात लावलेला नाही, याची खात्री आहे.

सर्व्हरवाला

मग कोडं सुटलं. बटण दाबल्याशिवाय काही जात नाही ही आपली समजूत असते, ब्राउझरचा तसा नियम नाही. रकान्यात अक्षर पडलं, किंवा तुम्ही पुढच्या रकान्यात गेलात, की स्क्रिप्टला ते कळतं आणि ती त्याच क्षणी ते पाठवू शकते.

हे अपवादात्मक नाही. २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी आघाडीच्या १ लाख साइटवर नेमकं हेच तपासलं: मेलचा पत्ता टाइप करायचा आणि फॉर्म न पाठवता थांबायचं. युरोपातून भेट दिली तेव्हा १,८४४ साइटवर तो पत्ता ट्रॅकर (माग ठेवणाऱ्या) कंपन्यांकडे गेला, अमेरिकेतून भेट दिली तेव्हा २,९५० साइटवर. साइट त्याच, फक्त पाहुणा कुठून आला तेवढा फरक. कायदा कडक असला की स्क्रिप्टही जरा सभ्य होते.

तुमचं व्हीपीएन आणि इन्कॉग्निटो आपापलं काम करत होते. व्हीपीएनने आयपी बदलला, इन्कॉग्निटोने जुन्या कुकी दाखवल्या नाहीत. पत्ता तुमच्याच बोटांनी गेला.

तिसरा_डोळा

आणि याच कारणासाठी मी फिंगरप्रिंटच्या वादात पडलो नाही. धंद्यात असताना आम्हाला सगळ्यात हवा असायचा तो मेलचा पत्ता. कुकी पुसली जाते, फोन बदलतो, ब्राउझर बदलतो. मेल माणूस वर्षानुवर्षं बदलत नाही, आणि फोनवर, लॅपटॉपवर, दुकानाच्या बिलावर सगळीकडे तोच देतो.

यात एक सोज्वळ दिसणारी युक्ती असते. 'आम्ही तुमचा मेल कुणाला देत नाही' असं धोरणात लिहिलेलं असतं आणि ते शब्दशः खरंही असतं. देतात तो त्याचा हॅश, म्हणजे गणिताने केलेली अक्षरांची लांबलचक माळ. माळेवरून उलट पत्ता काढणं अवघड, हे बरोबर. पण एकाच पत्त्याची माळ प्रत्येक कंपनीत तीच निघते. मग तुमच्याकडची माळ आणि माझ्याकडची माळ जुळली की माणूस जुळला, पत्ता उच्चारायची गरजच नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये जाहीरपणे लिहिलं की हॅश केल्याने माहिती निनावी होत नाही. धंद्यात सगळ्यांना हे आधीपासून माहीत होतं.

उंबरठा

कायद्याच्या बाजूने थोडक्यात. युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटलं आहे की बदलता आयपी पत्ताही वैयक्तिक माहिती ठरू शकतो, जर साइटवाल्याकडे त्यावरून माणसापर्यंत पोचायचा कायदेशीर मार्ग असेल. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला, कारण कुकी स्वीकारायला एक क्लिक आणि नाकारायला अनेक. तुम्हाला सगळीकडे दिसणाऱ्या त्या कुकीच्या परवानगीच्या पट्ट्या या वंशातल्या. नकार देणारं बटण फिकट रंगात का असतं, त्याचं उत्तर मात्र कायद्यात नाही.

खारूताई

इन्कॉग्निटो मग नक्की कशासाठी?

शून्यलब्धी

त्याच मशीनवर तुमच्यानंतर बसणाऱ्याला इतिहास दिसू नये म्हणून. साइटपासून लपायला नाही. याच गैरसमजावर गूगलवर २०२० मध्ये अमेरिकेत खटला भरला गेला. २०२४ च्या तडजोडीत त्यांनी अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं, आणि इन्कॉग्निटो उघडल्यावर दिसणारा मजकूरही बदलला. आता जाऊन वाचा, बराच प्रामाणिक आहे.

त्याहून भारी प्रकार जून २०२५ मध्ये उघड झाला. अँड्रॉइडवर फेसबुक आणि इन्स्टाग्रामची ॲप फोनच्याच आत एका पोर्टवर (निरोप घेण्याच्या दारावर) कान लावून बसायची. तुम्ही ब्राउझरमध्ये कुठलीही साइट उघडली आणि तिच्यात मेटाचा (फेसबुकच्या मालक कंपनीचा) 'पिक्सेल' नावाचा ट्रॅकर तुकडा असला, की तो पिक्सेल आपली कुकी फोनच्या आतल्या आत त्या ॲपला पोचवायचा. ॲपमध्ये तुम्ही लॉगिन केलेलंच असतं. झालं, निनावी भेटीला नाव मिळालं. इन्कॉग्निटो, कुकी पुसणं, कशाचाच उपयोग नाही. यांडेक्स या रशियन कंपनीची ॲप असाच प्रकार २०१७ पासून करत होती. संशोधकांनी जाहीर केलं त्याच दिवशी मेटाने ते बंद केलं.

रोखठोक

हे मात्र अती झालं. ॲपचा ब्राउझरशी काय संबंध?

टिवल्याबावल्या

रोखठोक आले लायनीवर! धागा सार्थकी.

वाचनखूण

उत्तम चर्चा, खूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: बाहेर पडायचा मार्ग काय मग? मी ब्राउझरमध्ये सात-आठ एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) टाकली आहेत, ती पुरेत का?

सर्व्हरवाला

उलट कमी करा. विचित्र एक्स्टेन्शनचा ढीग असला की पानात होणाऱ्या फेरफारांवरून तुमचाच ब्राउझर वेगळा उठून दिसतो. एक चांगला ब्लॉकर (जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारा) पुरे. यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्समध्ये पूर्ण चालतं, क्रोममध्ये आता त्याची लाइट आवृत्तीच उरली आहे. ट्रॅकरची स्क्रिप्ट आलीच नाही तर कुकी, कॅनव्हास, फॉर्म चोरणं, बरंचसं तिथेच थांबतं. फिंगरप्रिंटसाठी दोन वेगळे विचार आहेत. टॉर ब्राउझर सगळ्यांना शक्य तितकं एकसारखं दाखवतो, अगदी खिडकीचा आकारही ठरावीक मापात. ब्रेव्ह दर वेळी उत्तरात थोडी भेसळ करतो. टॉर हळू चालतो आणि पुष्कळ साइट त्याला दारातच अडवतात, रोजच्या वापराला मी तरी सुचवणार नाही.

तिसरा_डोळा

आणि मेलचे पत्ते वेगळे ठेवा. दर साइटला वेगळा टोपणपत्ता देणाऱ्या सेवा आहेत, मेल तुमच्या खऱ्या पेटीत येतो पण माळ दर ठिकाणी वेगळी निघते. ब्लॉकरनंतर माझ्या मते हीच गोष्ट कामाची. नुसतं अधिकचं चिन्ह लावून केलेले (नाव+काहीतरी@ असे) पत्ते उपयोगाचे नाहीत, जुळवणारे चिन्हापुढचं कापून टाकतात.

कोरीपाटी

माझ्या साइटचं हेच झालंय याची खात्री कशी करायची?

सर्व्हरवाला

लॅपटॉपवर एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, ब्लॉकर बंद ठेवा. फॉर्ममध्ये खोटा पण सहज शोधता येईल असा पत्ता टाइप करा आणि पुढच्या रकान्यात जा. यादीत नवीन मागणी उमटली तर तिच्या पेलोडमध्ये (पाठवलेल्या मजकुरात) तो पत्ता शोधा. हॅश करून जात असेल तर नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, त्याच पत्त्याचा एसएचए-२५६ (हॅश करायची एक नेहमीची पद्धत) काढून तोही शोधायचा.

कोरीपाटी

केलं. रकान्यातून बाहेर पडल्याबरोबर दोन मागण्या गेल्या. एक त्या साइटच्याच सर्व्हरला, पत्ता जसाच्या तसा. दुसरी भलत्याच डोमेनला, तिथे माळ होती आणि ती जुळली. गोपनीयता धोरणात त्या दुसऱ्या कंपनीचा उल्लेख 'सेवा-भागीदार' या शब्दांपलीकडे नाही. साइटला मेल लिहून विचारलंय की माहिती कुणाकुणाला दिली आणि ती काढून टाका. उत्तर आलं तर इथे टाकेन.

खारूताई

हेच मोबाइलवर तपासता येतं का?

सर्व्हरवाला

अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडून क्रोममधून येतं, पण त्यापेक्षा लॅपटॉपवरच ती साइट उघडून बघा. स्क्रिप्ट सहसा तीच असते.